दुर्धर आजारातील रुग्णासाठी घरच्या घरी फिजिओथेरपी
आजार आता बरा होणार नाही असे कळल्यावर "मग व्यायाम कशाला?" असे घरचे विचारतात. उपशामक शुश्रूषेत, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या काळजीत, फिजिओथेरपीचा हेतू ताकद कमावणे हा नसून, रुग्णाला जे अजून करावेसे वाटते ते कमी त्रासात करता यावे, एवढाच असतो; म्हणून सुरुवात त्यालाच विचारून करावी. पाटणजवळच्या एका वाडीतील आजोबांना संध्याकाळी धारेच्या वेळी सोप्यात येऊन बसायचे होते. त्यामुळे कॉटच्या कडेला बसणे, आधाराने उभे राहणे आणि उंबरा ओलांडणे, एवढाच सराव ठेवला, तोही वेदनाशामक गोळीचा गुण आल्यावर.

धाप लागल्यास रुग्णाला बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवावी, तिच्यावर हात टेकवून किंचित पुढे झुकू द्यावे आणि ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायला सांगावे. नाकागालांवर विंझण्याने वारा घालावा. गार हवेच्या स्पर्शाने धापेची जाणीव खरोखर कमी होते. भेटायला आलेल्यांना तेवढा वेळ बाहेर बसवावे, कोणी रुसले तरी चालेल.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. पूर्ण कुशीवर वळवण्याऐवजी पाठीमागे वाकळेची घडी लावून सुमारे ३० अंश कलते ठेवावे आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी राहतील असे पाहावे. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलावे. माकडहाडावर लाली दिसली तर ती जागा चोळू नये. खांदे, कोपर, घोटे दिवसातून दोनदा हळूच हलवावेत व दुखताच थांबावे.

आपल्याकडे सूज दिसली की तेल लावून चोळतात. पण एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून मालिश न करता डॉक्टरांना कळवावे. कर्करोग हाडांत पसरला असल्यास फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय काहीही करू नये. पाठ नव्याने दुखू लागून पायांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तर आठवड्याच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कराड किंवा साताऱ्याचे रुग्णालय गाठावे.

अखेरच्या दिवसांत सराव थांबवावा. कूस बदलतानाही रुग्ण कण्हत असेल, तर मधले अंतर वाढवावे.