मॉडेल रेल्वेतली प्लॅस्टिकची चकाकी कशी घालवली

एचओ स्केलमधलं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं माझं गोदाम रंग-खिडक्या सगळं नीट असूनही खेळण्यासारखंच दिसायचं. दोष प्लॅस्टिकच्या चकाकीचा.

आधी मॅट वार्निशचा हलका फवारा मारून पूर्ण वाळू दिला. निम्मं काम तिथेच झालं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे दोन-चार थेंब टाकून ते मिश्रण भिंतींवर सोडलं. शाई विटांच्या सांध्यांत जाऊन बसते आणि वीट न् वीट वेगळी दिसायला लागते.

खरा वेळ द्यावा तो गंजाला. छपराचा पत्रा वाट्टेल तिथे गंजत नाही. खिळ्याभोवती, कडेला, पन्हळ गळते तिथे गंज धरतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. सगळीकडे सारखीच भुकटी फासली तर छप्पर जुनं नाही, नुसतं मळकं दिसतं (निदान मला तरी). म्हणून तपकिरी आणि नारिंगी पेस्टल खडू पात्यानं खरवडले, भुकटी बारीक ब्रशनं खिळ्यापाशी टेकवली आणि वरून खाली ओढली. आडवा हात अजिबात नाही. शेवटच्या मॅट फवाऱ्यानं भुकटी फिकी पडते, तेव्हा लावताना हात जरा सैलच ठेवा.

रुळांच्या बाजूंना मातकट तपकिरी रंग दिला, माथा मात्र लगेच पुसून घेतला. वीज तिथूनच चाकांत जाते, शिवाय वापरातल्या खऱ्या रुळाचा माथाही घासून लखलखीतच असतो. इंजिन थांबतं तिथल्या खडीवर तेवढे काळपट डाग टाकले.