बांधकामातील थर्माकोलची प्रयोगशाळेत चाचणी कशी करावी

छताच्या व भिंतीच्या उष्णतारोधनासाठी किंवा भरावात वापरल्या जाणाऱ्या थर्माकोलच्या, म्हणजेच प्रसरित पॉलिस्टायरिनच्या, चाचणीतील बऱ्याच चुका नमुना कापतानाच होऊन जातात. ब्लॉकच्या कडेची आणि मधल्या भागाची घनता सारखी असेलच असे नाही. म्हणून दोन्हीकडून नमुने घ्यावेत आणि ते कोठून घेतले याची खूण त्यांच्यावर करावी. तापलेल्या तारेने कापताना तार सैल असेल किंवा ब्लॉक घाईने पुढे ढकलला गेला, तर तार मध्यभागी मागे रेंगाळते आणि पृष्ठभाग सपाट उतरत नाही. असा नमुना सरळ बाद करावा. थर्माकोलचा ब्लॉक बारीक मणी वाफेने फुगवून व एकमेकांना चिकटवून बनतो. ताज्या ब्लॉकमध्ये वाफेचे पाणी आणि मणी फुगवण्यासाठी वापरलेला पेंटेन शिल्लक असतो, त्यामुळे ब्लॉक पुरेसा मुरू द्यावा आणि कापलेले नमुने २३ अंश सेल्सिअस तापमानात व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून मगच तपासावेत.

प्रथम घनता काढावी. १०० × १०० × ५० मिलिमीटरच्या नमुन्याचे वजन १० ग्रॅम भरले, तर घनता २० किलोग्रॅम प्रति घनमीटर होते. येथे जाडी एक मिलिमीटरने चुकली तरी उत्तर दोन टक्क्यांनी सरकते, म्हणून अनेक ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी आणि मोजताना कॅलिपरचे जबडे मऊ पदार्थात रुतू देऊ नयेत.

दाबाच्या चाचणीत थर्माकोल काँक्रीटसारखा फुटत नाही, नुसता चेपत जातो. त्यामुळे ईएन ८२६ या युरोपीय मानकानुसार जाडी १० टक्क्यांनी घटली असतानाचा ताण नोंदवला जातो. वरील नमुन्यावर आधी २५० पास्कलचा, म्हणजे २.५ न्यूटनचा, हलका भार देऊन शून्य ठरवावे, दर मिनिटाला जाडीच्या एक दशांश, म्हणजे ५ मिलिमीटर, या वेगाने दाबावे आणि ५ मिलिमीटर चेपल्यावरचा भार वाचावा. तो १००० न्यूटन असेल तर ताण १०० किलोपास्कल झाला. आलेखाचा सुरुवातीचा भाग लवलेला दिसला तर नमुन्याची पृष्ठे समांतर नाहीत असा संशय घ्यावा आणि सरळ रेषेचा भाग मागे वाढवून शून्यबिंदू दुरुस्त करावा. हा आकडा कायमचा भार पेलण्याची क्षमता मात्र सांगत नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या भारासाठी याहून बराच कमी ताण धरतात आणि भरावाच्या ब्लॉकसाठी १ टक्का विरूपणाचा, म्हणजे जाडी १ टक्क्याने घटली असतानाचा, ताणही पाहतात.

घनता पुरेशी असूनही मणी नीट जुळलेले नसू शकतात. वाकवण्याच्या चाचणीनंतर तुटलेली बाजू अवश्य पाहावी: मणी स्वतः फाटलेले असतील तर जोड चांगला, आणि अखंड गोल मणी सुटून आले असतील तर वाफ कमी पडली असे समजावे. माझ्या मते, ही साधी पाहणी कित्येक आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाते.

उष्णतावाहकता मोजताना नमुन्याच्या गरम व थंड बाजूंचे सरासरी तापमान नोंदवावेच, कारण १० अंशांवरचा आणि २४ अंशांवरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येत नाही. पाणीशोषणासाठी नमुना २८ दिवस पूर्ण बुडवून ठेवतात.

ज्वालेची चाचणी करताना थर्माकोल वितळून आगीपासून मागे सरतो व पेटलाच नाही असे वाटते. त्यामुळे खाली ठेवलेला गाळणकागद ठिबकणाऱ्या पेटत्या थेंबांनी पेटला का, याची वेगळी नोंद करावी.