सर्व्हरवर पुश सूचनांचे डिव्हाइस टोकन कसे तपासावे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे आमच्या वसाहतीच्या ॲपवरून ‘आज पाणी सुटणार’ ही सूचना ज्या घरी पोहोचत नाही, त्या घरची टाकी कोरडी राहते. अशा वेळी बहुधा दोष असतो तो मेलेल्या टोकनाचा. टोकन म्हणजे सूचना नेमक्या कोणत्या फोनवरील ॲपला पोहोचवायची हे सांगणारा पत्ता; तो बाद झाला की सूचना पोहोचत नाही.

टोकनाची लांबी मोजून ते खरे की खोटे हे ठरवू नये. लांबी बदलू शकते, आणि ॲपलनेही ती गृहीत धरू नये असेच सांगितले आहे. सर्व्हरने फक्त रिकामे किंवा अवाजवी मोठे मूल्य नाकारावे आणि प्रत्येक टोकनासोबत वापरकर्ता, प्लॅटफॉर्म व ते ॲपकडून शेवटचे आल्याची वेळ साठवावी. टोकनाचा रकाना युनिक ठेवावा, म्हणजे तेच टोकन दोनदा नोंदले जाऊ नये, कारण एकाच फोनवर आधी वडिलांनी आणि मग मुलाने लॉगिन केले, तर टोकन तेच राहू शकते आणि ते नव्या खात्याकडे वळवावे लागते.

अँड्रॉइडसाठी फायरबेस या गूगलच्या सेवेच्या एचटीटीपी व्ही१ एपीआयला (सर्व्हरने संदेश देण्याच्या मार्गाला) संदेश पाठवताना ‘व्हॅलिडेट ओन्ली’ हा पर्याय चालू ठेवला, तर फोन न वाजता उत्तर मिळते. त्या उत्तरात ४०४ या कोडसोबत ‘अनरजिस्टर्ड’ आले, तर टोकन काढून टाकावे. ४०० सोबत ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आले, तर मात्र आधी संदेशाची रचना तपासावी, कारण तोच दोष चुकीच्या पेलोडमुळेही (संदेशातील मजकुरामुळेही) येतो. घाईने पुसलेली टोकने ग्राहकाने ॲप पुन्हा उघडेपर्यंत परत मिळत नाहीत. ‘सेंडर आयडी मिसमॅच’ म्हणजे टोकन फायरबेसमधील दुसऱ्या प्रकल्पाचे आहे. ४२९ (मर्यादेपेक्षा जास्त संदेश) व ५०३ (सेवा तात्पुरती अनुपलब्ध) यांचा अर्थ टोकन बाद झाले असा नाही. थोडे थांबून, दर वेळी अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न करावा.

ॲपलच्या एपीआयमध्ये संदेश न पाठवता अशी कोरडी चाचणी करता येत नाही, त्यामुळे खऱ्या संदेशाला आलेले उत्तरच वाचावे लागते. ४१० म्हणजे टोकन आता चालू नाही; त्यासोबत ते बाद असल्याचे ॲपलला कळल्याची वेळ मिलिसेकंदांत येते. आपल्याकडील नोंद त्या वेळेनंतरची असेल, तर ग्राहकाने ॲप पुन्हा बसवले असण्याची शक्यता आहे, म्हणून ती नोंद पुसू नये. ही तुलना पुष्कळ जण विसरतात. ‘बॅड डिव्हाइस टोकन’ आले, तर टोकन सँडबॉक्सचे (चाचणीच्या ॲपचे) असून आपण ते प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापराच्या) पत्त्यावर पाठवत आहोत का, हे प्रथम पाहावे. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

अँड्रॉइडवर २७० दिवस निष्क्रिय राहिलेले टोकन फायरबेस स्वतःच कालबाह्य ठरवते. तोवर वाट न पाहता ॲपने दर महिन्याला टोकन पुन्हा सर्व्हरकडे पाठवावे आणि सर्व्हरने त्या टोकनासमोर नोंदलेली वेळ ताजी करावी. महिनाभर हालचाल नसलेली टोकने रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या जॉबमध्ये वेगळी काढून ठेवावीत, मात्र लगेच पुसू नयेत. सुटीत गावी गेलेले कुटुंब परत येऊन ॲप उघडते, तेव्हा तेच टोकन पुन्हा चालू झालेले दिसते.