चकत्या मोडण्याआधी हवेतली आर्द्रता लिहा

एमएस्सी केमिस्ट्री करून दातांच्या सिरॅमिकवर काम करायला कुणी आलं की मी आधी त्यांची प्रयोगवही मागते आणि आर्द्रतेचा रकाना शोधते. बहुतेकांच्या वहीत तो नसतो. माझ्याही नव्हता, आणि त्यापायी माझे तीन आठवडे गेले.

पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी फेल्डस्पारच्या पोर्सिलेनच्या चकत्या मोडत होते. कॅपच्या धातूवर दातासारखा दिसणारा जो थर चढवतात, तेच हे पोर्सिलेन. एप्रिलमध्ये ३० चकत्या मोडल्या, जुलैत आणखी ३०. पावडर तीच, फर्नेस तीच, पॉलिशही तसंच, तरी जुलैच्या चकत्यांच्या ताकदीची सरासरी चांगलीच खाली आली. मी फर्नेसचं तापमान पुन्हा तपासलं, पॉलिशचे कागद बदलले, स्वतःच्या हातावरही संशय घेतला. शेवटी गाइड मॅडमनी खिडकीकडे बोट दाखवलं. "अगं, एप्रिलात हवा कोरडी ठणठणीत होती आणि आता बाहेर धो धो पडतोय. पाणी काचेचं काय करतं, ते यंत्रणेसकट लिहून आण."

ते लिहिताना मला या विषयाची खरी गोडी लागली. पोर्सिलेनचा मोठा भाग काच असतो, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा बंधांचं जाळं. एरवी पाणी त्या बंधाला सहसा हात लावत नाही, नाहीतर काचेच्या पेल्यात पाणी ठेवताच आलं नसतं. पण भेगेच्या टोकाशी बंध ताणलेला असतो. तिथे पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन आपली एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी सिलिकॉनला देतो आणि त्याच वेळी त्याचा एक प्रोटॉन मधल्या ऑक्सिजनकडे जातो. बंध तुटतो, दोन्ही बाजूंना एकेक सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेला OH गट) उरतो आणि भेग एका बंधाने पुढे सरकते. मिखाल्स्की आणि फ्रीमन यांनी ही यंत्रणा १९८२ मध्ये मांडली. मला तिचं सर्वात मोठं बळ वाटतं ते हे की ती पाण्यापुरती थांबत नाही. एका टोकाला द्यायला प्रोटॉन आणि दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन-जोडी असलेला अमोनियासारखा लहान रेणूही भेग पुढे ढकलतो. सेंद्रिय रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन कुठे जातात ते दाखवायला आपण जे वक्र बाण काढतो, तेच इथे कॅप किती वर्षं टिकेल हे ठरवतात. तोंडात तर बाराही महिने पावसाळाच!

आता हाताच्या कामाचं. आयएसओ ६८७२ या दातांच्या सिरॅमिकच्या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेल्या एका चाचणीत चकती तीन गोळ्यांवर ठेवून वरून मध्यभागी पिस्टनने दाबतात. ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून पॉलिश केलेली बाजू खालीच हवी. घाईत ती उलटी ठेवली जाते आणि नंतर कळायला मार्ग नसतो. मी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करते. दहा चकत्यांवर भागवू नका. सिरॅमिकमध्ये सर्वात मोठा दोष कुठे दडलाय त्यावर ताकद ठरते, त्यामुळे आकडे विखुरतातच, आणि वायबुल आलेखाला (कोणत्या ताणाला किती चकत्या मोडतील ते दाखवणाऱ्या) तीसेक तरी लागतात. वेळ असेल तर दाब वाढवण्याचा वेग दहा-दहा पटींनी बदलून पाहा. सावकाश दाबलं की पाण्याला वेळ मिळतो आणि चकती कमी ताणावर मोडते. दाबण्याचा वेग आणि मोडतानाचा ताण, दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढला की चढावरून भेग किती पाणीभित्री आहे ते कळतं.

झिरकोनिया (झिरकोनियम ऑक्साइड) या कॅपच्या दुसऱ्या सिरॅमिकमध्ये काच जवळजवळ नसते, म्हणून तिथे पाण्याची भीती नाही असं समजू नका. ३ मोल टक्के इट्रियामुळे (इट्रियम ऑक्साइडमुळे) त्याचे कण चतुष्कोनी (टेट्रागोनल) स्फटिकरूपात टिकून राहतात. पाणी पृष्ठभागातून शिरलं की ते हळूहळू एकनताक्ष (मोनोक्लिनिक) रूपात जातात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि बारीक भेगा पडतात. हे लवकर घडवून बघायला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. एक्सआरडीत (स्फटिकरूप ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) ३०.२ अंश कोनाजवळचं चतुष्कोनी रूपाचं शिखर खाली येतं आणि २८.२ जवळचं एकनताक्ष रूपाचं वाढतं. घासल्यानेही हाच बदल होतो, म्हणून घासण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही एक्सआरडी काढा.

पोर्सिलेनचा पृष्ठभाग खरबरीत करायला वापरतात त्या हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल मात्र मी कुणालाही सूट देत नाही. त्यावरचा उतारा, म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, टेबलावर नसेल तर बाटली उघडायची नाही आणि एकट्याने तर मुळीच नाही. सौम्य आम्ल लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही, ते आत झिरपत राहतं.

दंतमहाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्सचं (कॅप आणि कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेचं) एमडीएस करणाऱ्यांशी ओळख ठेवा. त्यांना केमिस्ट हवा असतो, आणि आपल्याला हे सांगणारं कुणीतरी की कॅप बहुतेकदा कुठून तडकते.

पुढच्या वर्षी मी एप्रिलमध्ये आणि जुलैत पुन्हा चकत्या मोडल्या, या वेळी ३७ अंशांच्या पाण्यात बुडवून. दोन्ही महिन्यांचे आलेख एकमेकांवर बसले, आणि प्रबंधात तेच गेले.