लहानपणीची पुस्तकं परत शोधायचीत? मग हे वाचा

आधी घरचा माळा बघा, पण पावसाळ्यात नको, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बघा. कोकणातल्या दमटपणाने पुस्तकाला बुरशी धरते नि पानं एकमेकांना चिकटतात, ती ओढून सोडवायला गेलात तर अक्षरंच निघून येतात, म्हणून पुस्तक उभं करून पानं हलकी पसरवायची, सावलीत पंख्याखाली ठेवायचं, कडक उन्हात अजिबात नाही (कागद पिवळा पडून कडक होतो). सुकलं की मऊ ब्रशने बुरशी झाडायची, ते पण पडवीत आणि तोंडाला फडकं बांधून.

नावच आठवत नसेल तर गणपतीत चाकरमानी आले की आते-मामेभावंडांना विचारा, कोणाला तरी मुखपृष्ठ आठवतंच. नाहीतर रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आहे ना, 1828 पासूनचं, तिथे निदान पात्राचं नाव तरी सांगा.

मालिकेचं म्हणाल तर घोळ असा की नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलतं, कधी दोन पुस्तकं एकत्र छापतात, मग तीच गोष्ट दोनदा विकत घेतली जाते. म्हणून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेताना आधी अनुक्रमणिका बघा, गोष्टींची नावं मोबाईलच्या नोट्समध्ये टाका, वाचलेल्यापुढे टिक. क्रमाने वाचायचा हट्ट नको, बऱ्याच गोष्टी सुट्या वाचल्या तरी चालतात. पूर्ण संच एकदम घेणं मला तरी पटत नाही, निम्मी तशीच पडून राहतात आणि मग पुढच्या पावसात परत बुरशी.