एकच मजकूर, अनेक आवृत्त्या: तांत्रिक दस्तऐवज कसे सांभाळावेत

तांत्रिक पुस्तिका उघडणाऱ्याचा पहिला प्रश्न साधा असतो: माझ्यासमोरच्या यंत्राला ही पुस्तिका लागू आहे का? या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच आवृत्त्यांचा सारा व्याप करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे उत्तर देता येत नाही. ‘आवृत्ती’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हे त्याचे मुख्य कारण आहे. पहिली उत्पादनाची आवृत्ती, म्हणजे ही पुस्तिका ज्या फर्मवेअरसाठी (यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) किंवा मॉडेलसाठी लिहिली ती. दुसरी दस्तऐवजाची सुधारणा, म्हणजे त्याच उत्पादनासाठी पुस्तिका कितव्यांदा दुरुस्त होऊन प्रसिद्ध झाली तो क्रमांक. तिसरा मूळ फायलींचा इतिहास. त्यात लेखकाने केलेला प्रत्येक लहानमोठा बदल नोंदलेला असतो आणि वाचकाला तो कधी दिसत नाही.

या तिन्ही गोष्टींची नोंद स्वतंत्र ठेवावी. दाबनियंत्रकाची पुस्तिका घेतली, तर मुखपृष्ठावर ‘फर्मवेअर ३.२ आणि ३.३ साठी’, त्याखाली ‘सुधारणा ४’ आणि प्रकाशनाची तारीख असावी; शेवटच्या पानावर, बारीक टायपात, ज्या कमिटवरून (मूळ फायलींच्या इतिहासातील ज्या नोंदीवरून) ही प्रत तयार झाली त्याचा ओळखक्रमांक असावा. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली तर सुधारणा ४ ची ५ होते, फर्मवेअरचा आकडा तसाच राहतो. फर्मवेअर ३.४ आले आणि पुस्तिकेतल्या एकाही शब्दावर त्याचा परिणाम झाला नाही, तरी ‘लागू’ हा उल्लेख बदलून नवी सुधारणा काढावी लागते. हे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच टाळले जाते. पण ग्राहकाकडे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला नेमकी हीच ओळ वाचायची असते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकातील कलम ७.५ दस्तऐवजीकृत माहितीवरील नियंत्रणाची अपेक्षा करते, आणि त्यात बदलांचे नियंत्रण करताना आवृत्ती-नियंत्रणाचा उल्लेख उदाहरण म्हणून येतो. मुखपृष्ठावरच्या या ओळींमुळे त्या अपेक्षेचा बराचसा भाग पूर्ण होतो.

यानंतर साधन निवडण्याची घाई करू नये. आधी मजकुराकडे पाहावे. जुन्या पुस्तिकांमध्ये असा परिच्छेद हमखास सापडतो: ‘दाबसंवेदक टाकीतील दाब मोजतो. तो बदलण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. त्याची कमाल मर्यादा ६ बार आहे. झाकणाचे चार स्क्रू काढून संवेदक बाहेर घ्यावा.’ या चार वाक्यांचे काम चार प्रकारचे आहे. पहिले वाक्य संकल्पना समजावते, दुसरे पूर्वअट घालते, तिसरे संदर्भासाठी आकडा देते आणि चौथे कृती सांगते. पुढे १० बारचा संवेदक आला की फक्त तिसरे वाक्य बदलायचे असते. पण ते परिच्छेदात अडकलेले असल्याने बदल करताना लेखकाला सगळा परिच्छेद पुन्हा तपासावा लागतो, आणि असा परिच्छेद आठ पुस्तिकांत चिकटवलेला असेल तर तो आठही ठिकाणी शोधावा लागतो. माझ्या हातून एकदा सातच ठिकाणी बदल झाला. आठव्या पुस्तिकेत जुनी मर्यादा तशीच छापली गेली आणि ती चूक आमच्यापैकी कोणाला नव्हे, तर दुरुस्तीवर गेलेल्या तंत्रज्ञाला सापडली. सुदैवाने जुना आकडा नव्या आकड्यापेक्षा कमी होता, त्यामुळे इजा कोणालाच झाली नाही. आकड्यांची ही उतरंड उलटी असती तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून संरचित मजकुराची, म्हणजे ठरावीक प्रकारच्या भागांत मांडलेल्या मजकुराची, पहिली पायरी म्हणजे हे विलगीकरण. डिटा (DITA) या तांत्रिक मजकुरासाठीच्या एक्सएमएल रचनेत, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला खुणेने नाव देणाऱ्या रचनेत, ते शिस्तीने केलेले आहे. आयबीएमने ही रचना २००१ मध्ये खुली केली आणि २००५ मध्ये ती ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली. तिच्यात कृती, संकल्पना आणि संदर्भ असे टॉपिकचे, म्हणजे मजकुराच्या स्वतंत्र तुकड्याचे, मूळ प्रकार आहेत, आणि २०१५ च्या १.३ या आवृत्तीत दोषनिवारणाचा प्रकार वाढवला गेला. कृतीच्या टॉपिकमध्ये पूर्वअट, पायऱ्या आणि फलित यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे ‘वीजपुरवठा बंद करावा’ हे वाक्य पाचव्या पायरीच्या पोटात दडून बसू शकत नाही. डिटा वापरले नाही तरी चालेल. मार्कडाउन या साध्या खुणा वापरणाऱ्या अक्षरफायलींतही एका फाइलीत एकच प्रकारचा मजकूर ठेवण्याचा नियम पाळता येतो. तेथे तो नियम यंत्र तपासत नाही, माणसाला तपासावा लागतो, एवढाच फरक.

टॉपिक किती लहान असावा, याची माझी कसोटी अशी आहे की त्याला एक प्रामाणिक शीर्षक देता आले पाहिजे आणि मागचे-पुढचे न वाचता तो समजला पाहिजे. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द ज्या टॉपिकमध्ये आहेत तो स्वतंत्र झालेला नाही, कारण दुसऱ्या पुस्तिकेत त्याच्या ‘वर’ वेगळेच काही असू शकते. टॉपिकांचा क्रम ठरवण्याचे काम मॅप नावाच्या वेगळ्या फाइलीकडे सोपवावे. फाइलीच्या नावात प्रकरणाचा क्रमांक किंवा आवृत्ती घालू नये. क्रम बदलतो, आवृत्ती बदलते, आणि नाव बदलले की त्या टॉपिककडे येणारे सर्व दुवे तुटतात. ‘संवेदक-बदलणे’ हे नाव पुरेसे आहे आणि ते जन्मभर तेच राहावे.

पुनर्वापराच्या बाबतीत मराठी लेखकाने एका ठिकाणी विशेष जपले पाहिजे. डिटा १.२ पासून, म्हणजे २०१० पासून, मजकुरात नावाऐवजी ‘की’ (त्या नावाची ठरावीक खूण) लिहून त्या जागी प्रकाशनाच्या वेळी खरे नाव भरण्याची सोय आहे, आणि इतर बहुतेक साधनांत तीच सोय व्हेरिएबलच्या नावाने मिळते. इंग्रजीत ती छान चालते. मराठीत मात्र नाम वाक्यात शिरले की विभक्ती, सामान्यरूप आणि लिंग सोबत येतात. ‘[भाग] बदलावा’ असे लिहून ठेवले आणि त्या जागी ‘पंप’ आला तर ठीक, पण ‘झडप’ आली की ‘झडप बदलावा’ असे छापले जाते. ‘[भाग]चा दाब तपासावा’ येथे ‘पंपचा’ आणि ‘झडपचा’ अशी दोन्ही रूपे चुकतात, कारण आपण ‘पंपाचा’ आणि ‘झडपेचा’ म्हणतो. त्यामुळे मराठीत पुनर्वापराचे एकक शब्द नसावे. पूर्ण वाक्य किंवा पूर्ण पायरी असावी. सुरक्षासूचना, स्क्रू आवळण्याची पायरी, मर्यादांचा तक्ता यांचा पुनर्वापर निर्धास्त करता येतो. की वापरायचीच असेल तर ती आकडे, भागक्रमांक आणि स्क्रीनवर दिसणारी बटणांची नावे यांच्यापुरती ठेवावी आणि तिच्यापुढे ‘हे बटण’, ‘या भागाचा’ असा आधार द्यावा, म्हणजे प्रत्यय आधाराच्या शब्दाला लागतो.

आता आवृत्त्यांकडे. एकाच पुस्तिकेचे दोन मजकूर करावे लागतात तेव्हा दोन मार्ग असतात. एक, गिटसारख्या फायलींचे बदल नोंदणाऱ्या प्रणालीत वेगळी शाखा, म्हणजे मजकुराची स्वतंत्रपणे पुढे जाणारी प्रत, काढणे. दुसरा, एकाच फाइलीत त्या भागाला अट लावणे, उदाहरणार्थ ‘हे फक्त मॉडेल ब साठी’, आणि प्रकाशनाच्या वेळी गाळणी लावणे. या दोहोंची सरमिसळ हे माझ्या पाहण्यातले गोंधळाचे सर्वांत मोठे कारण आहे. काळाने वेगळ्या होणाऱ्या गोष्टी शाखेत जाव्यात आणि एकाच वेळी शेजारी नांदणाऱ्या गोष्टी अटीत जाव्यात. फर्मवेअर ३.२ मागे पडून ३.३ येते, तेव्हा ३.२ च्या देखभालीसाठी शाखा योग्य आहे, कारण काही काळाने ती शाखा शांत होईल. मॉडेल अ आणि मॉडेल ब मात्र दोन्ही विक्रीत राहणार आहेत. त्यांच्यासाठी शाखा काढल्या तर प्रत्येक दुरुस्ती कायमची दोनदा करावी लागेल आणि दोन्ही शाखा हळूहळू एकमेकींपासून इतक्या दूर जातील की त्या पुन्हा जोडणे कोणाला जमणार नाही. उलट जुन्या फर्मवेअरच्या अटी मुख्य मजकुरात साठवत गेल्यास तीन वर्षांनी फाइल वाचण्याजोगी राहत नाही.

दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करावी आणि मग ज्या देखभाल-शाखांना ती लागू आहे त्यांच्यात तेवढेच कमिट उचलून न्यावे. क्रम उलटा झाला, तर जुन्या आवृत्तीत सुधारलेली चूक पुढच्या आवृत्तीत पुन्हा अवतरते. हे घडल्याचे लक्षात येईपर्यंत बहुधा पुस्तिका प्रसिद्ध झालेली असते. अट लावताना ती वाक्याच्या मध्ये लावू नये. पूर्ण पायरीला किंवा पूर्ण परिच्छेदाला लावावी. दोन मॉडेलांत एकाच शब्दाचा फरक असला तरी वाक्य दोनदा लिहावे, कारण तपासणाऱ्याला ते सलग वाचता येते आणि अनुवादकालाही.

गिट ओळीनुसार तुलना करते. संपूर्ण परिच्छेद एका ओळीत लिहिला असेल, तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो आणि तपासणारा कंटाळून ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. त्यावर उपाय जुना आहे: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे. संगणकशास्त्रज्ञ ब्रायन कर्निगन यांनी युनिक्स ही संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना हा सल्ला १९७४ मध्येच दिला होता. मार्कडाउन आणि एक्सएमएल दोन्हींमध्ये अशी ओळ मोडल्याने छापील परिच्छेदावर सहसा परिणाम होत नाही. वर्डची फाइल मात्र मुळात झिप केलेली असते. गिट ती साठवते, पण आत काय बदलले ते ओळीनुसार दाखवू शकत नाही. म्हणून मूळ मजकूर साध्या अक्षरफायलींतच असावा, असे मी ठामपणे सांगतो.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोड या अक्षरसंकेत-मानकातील यू+०९३१ या एका संकेतांकाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो, आणि काही कळफलक र, हलन्त व अदृश्य जोडक वापरून तेच रूप उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. तुलनेत आणि शोधात मात्र ती वेगळी ठरतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) पहिली दोन रूपे एक करते, तिसऱ्याला हात लावत नाही. त्यामुळे सामान्यीकरण आणि अदृश्य जोडकाची अदलाबदल, दोन्ही करणारी लहानशी तपासणी कमिटच्या आधी आपोआप चालेल अशी व्यवस्था करावी. ती नसेल, तर शोधात चुकलेली एक प्रत तशीच राहून जाते.

कमिटच्या संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहावे, कारण काय बदलले ते तुलनेत दिसतेच. ‘मर्यादा ६ वरून १० बार, नवा संवेदक, बदल-विनंती क्रमांक अमुक’ असा संदेश दोन वर्षांनीही उपयोगी पडतो. पण हे संदेश जसेच्या तसे वाचकासमोर ठेवू नयेत. पुस्तिकेतील बदलनोंद वाचकासाठी वेगळी लिहावी आणि तिच्यात फक्त त्याच्या कामात फरक पडेल असे बदल द्यावेत: कोणती पायरी बदलली, कोणती मर्यादा बदलली, कोणती सूचना नव्याने आली.

तपासणी दोनदा व्हावी. अभियंत्याने केवळ बदललेल्या ओळी पाहाव्यात. चारशे पानांची पुस्तिका पाठवली तर तो ती वाचणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. दुसऱ्या वेळी कोणीतरी तयार झालेली पीडीएफ, प्रत्येक मॉडेलची स्वतंत्र, उघडून वाचावी. अटींनी गाळलेला मजकूर मूळ फाइलीत नीट दिसतो. पूर्वअट गळून गेली आणि पायऱ्या तेवढ्या उरल्या, ही चूक तयार प्रतीतच सापडते.

प्रकाशनाच्या दिवशी, प्रत बाहेर जाण्याआधी, टॅग (मूळ फायलींच्या त्या क्षणीच्या स्थितीला दिलेले कायमचे नाव) लावावा आणि त्या टॅगमध्ये उत्पादनाची आवृत्ती व दस्तऐवजाची सुधारणा दोन्ही लिहाव्यात. प्रकाशनाच्या साधनाची आवृत्तीही तेथेच नोंदवावी. साधन बदलले की त्याच मजकुरातून पानांची मांडणी, दुवे आणि क्रमांक वेगळे येऊ शकतात. अनुवाद असल्यास टॅगमधील मूळ मजकूरच अनुवादकाकडे जावा, चालू शाखेतला नव्हे. मागच्या टॅगपासून बदललेली वाक्ये तेवढी पाठवता येतात आणि बाकीची अनुवाद-स्मृतीतून (आधीच्या अनुवादांच्या साठ्यातून) परत मिळतात, हा वाक्यागणिक ओळ ठेवण्याचा दुसरा लाभ.

जुनी आवृत्ती मागे पडली म्हणून काढून टाकू नये. ते यंत्र कोठेतरी चालू असते. तिच्या प्रत्येक पानावर, नवी आवृत्ती कोणती आणि ती कोणत्या फर्मवेअरपासून लागू आहे, हे ठळकपणे लिहून जुना पत्ता तसाच चालू ठेवावा. वर्षातून एकदा सर्वांत जुना टॅग, जो अजून सांभाळायचा आहे, रिकाम्या संगणकावर उतरवून त्यावरून पुस्तिका पुन्हा तयार करून पाहावी आणि प्रसिद्ध झालेल्या प्रतीशी पानागणिक ताडून घ्यावी. पहिल्या प्रयत्नात ती बहुधा तयार होत नाही: एखादे चित्र कोणाच्या तरी वैयक्तिक फोल्डरमध्ये राहिलेले असते, एखादा फाँट मिळत नाही. जे सापडेल ते त्याच दिवशी मूळ साठ्यात आणावे आणि नवा टॅग लावावा.