घरातील नेटवर्क: आधी केबल, मग राउटर

दोन संगणक, एक प्रिंटर, टीव्ही आणि चार-पाच मोबाइल एकाच जोडणीवर चालवायचे ठरले, की बहुतेक जण प्रथम महागडा राउटर पाहू लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत हा क्रम बदलावा, असे माझे मत आहे. राउटरला किती अँटेना आहेत यापेक्षा भिंत किती जाड आहे, वीज किती वेळा जाते आणि मे महिन्यात खोली किती तापते, हे आधी पाहावे लागते.

फायबरची जोडणी घेतल्यावर कंपनी ओएनटी नावाची पेटी बसवते. ती काचतंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. पुष्कळदा राउटर आणि वायफाय त्याच पेटीत असतात, म्हणून दुसरा राउटर घेण्याची घाई करू नये. घ्यायचाच असेल तर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड (वायफाय लहरींचे पट्टे) असलेला आणि गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिट वेगाच्या पोर्टचा (केबल खोचण्याच्या खाचांचा) घ्यावा. पोर्ट 100 मेगाबिटचे असतील, तर 200 मेगाबिटचा प्लॅन घेऊनही निम्मा वेग वाया जातो. खोक्यावरचा मोठा आकडा वायफायचा असतो, पोर्टचा नव्हे.

धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना सहसा पार होत नाही, 2.4 च्या लहरी अधिक दूर जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. राउटरला गारवा मिळावा म्हणून त्याला कूलरशेजारी ठेवण्याची युक्ती उन्हाळ्यात हमखास सुचते. परंतु कूलरचा लोखंडी पत्रा लहरी अडवतो, टाकीतले पाणी त्या शोषून घेते आणि दमट हवा यंत्राला बाधते ती वेगळीच.

म्हणून माडीवर किंवा मागच्या खोलीत केबलच न्यावी. कॅट 6 प्रकारची केबल 100 मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, मात्र ती शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ब्लेडने तार खरवडावी, आत पांढरी चकाकी दिसली तर ती परत करावी. गच्चीवरून न्यायची असल्यास बाहेरच्या वापरासाठीची काळ्या आवरणाची केबल घ्यावी, कारण साध्या केबलचे आवरण आपल्याकडच्या उन्हात तडकते. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये. टोकांना आरजे-45 कनेक्टर (पोर्टमध्ये बसणारे प्लास्टिकचे टोक) बसवण्यासाठी क्रिम्पिंगची, म्हणजे ते दाबून घट्ट करण्याची पक्कड आणि केबल तपासणारा टेस्टर लागतो. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठांपैकी एक तार जरी नीट बसली नाही, तरी जोडणी चालू दिसते पण वेग 100 मेगाबिटवर अडकू शकतो, आणि दोष मात्र राउटरला दिला जातो.

पोर्ट कमी पडल्यास पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रे जोडणारी पेटी) पुरतो. त्यातला एक राउटरकडे जातो आणि चार हाती उरतात.

वीज गेल्यावर नेट चालू राहावे म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत, आणि ओएनटी व स्विच यांनाही बॅकअप द्यावा. एकट्या राउटरचा दिवा लागून उपयोग नाही. अनेक घरगुती राउटर 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि भुसावळचा पारा मे महिन्यात सहज त्याच्या पुढे जातो. त्यामुळे ही यंत्रे बंद कपाटात किंवा पत्र्याखाली न ठेवता आतल्या खोलीच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत टांगावीत.